घासलेटची पिलं

त्या वेळी मी बेळगावच्या कँपात एका लिलाववाल्याकडे कारकून होतो. बदली झालेल्या किंवा कायमचं विलायतेला निघालेल्या साहेबांच्या बंगल्यातलं सामान आमच्याकडे विकायला यायचं. प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि वहीत तिचं नाव लिहायचं, एवढंच माझं काम. एकदा अशाच एका बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात चार पायांवर उभी असलेली लाकडी पेटी दिसली आणि तिला काय म्हणायचं ते मला सुचेना. पुढं काचेचं दार, आत कापड ताणलेला खण, बाजूला कंदिलासारखा दिवा आणि त्याच्यावर वीतभर धुराडं. शेवटी बंगल्यातल्या म्हाताऱ्या गोवेकर कुकला विचारलं.

"मेमसाब ह्यातनं कोंबडीची पिलं काढायची," तो म्हणाला. "कोंबडी बसवायला लागत नाही. दिवा लावायचा आणि एकवीस दिवस थांबायचं."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं दार उघडून सगळं दाखवलं. पेटीच्या भिंती दुहेरी होत्या, मधे लाकडाचा भुसा भरलेला. वरच्या बाजूला तांब्याची टाकी, तिच्यात पाणी. दिव्यानं पाणी तापायचं आणि पाण्यानं पेटी. ऊब वाढली की आतली एक पितळी चकती फुगायची आणि काडी उचलून धुराड्याचं झाकण उघडायची, म्हणजे जास्तीची आच बाहेर. आत एक थर्मामीटर टांगलेलं होतं.

"एकशेतीन डिग्री," कुक म्हणाला. "वर गेलं तर अंडी शिजतात. खाली आलं तर पिलू आतल्या आत मरतं. अंडी रोज दोनदा पालटायची. आणि शेवटचे तीन दिवस दार उघडायचं नाही. कितीही जीव तळमळला तरी नाही."

लिलावात त्या पेटीला कुणी बोली लावली नाही. दोन आठवडे गोदामात पडून राहिल्यावर मालक म्हणाले, "अडचण झालीये, तू घेऊन जा." बाजाराला आलेल्या आप्पांच्या बैलगाडीत ती मी घातली. वाटभर आप्पा मागं वळून तिच्याकडं बघत होते.

आमचं गाव सांबऱ्याच्या वाटेवर, कँपापासून पायी तासाभराचं. घरात आम्ही तिघंच होतो: आप्पा, मी आणि माझी थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेलेली. बहिणीला सगळं गाव आक्का म्हणायचं. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा तापानं गेला आणि ती आमच्याकडं परत आली, त्याला तोवर पंधरा वर्षं झाली होती. घर ती बघायची, भाताच्या लावणीला आणि मळणीला बरोबरीनं राबायची आणि तिच्या स्वतःच्या अशा डझनभर कोंबड्या होत्या. कोंबड्यांत आम्ही कुणी लक्ष घालायचं नाही असा घरात न सांगितलेला नियम होता. तो मी पहिल्यांदा मोडला.

पेटी मी माळ्यावर ठेवली, कारण तिथं कुणाचा पाय लागणार नव्हता. आक्काकडून आणि शेजारपाजारहून चाळीस अंडी जमवली. प्रत्येकावर कोळशानं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे कुठलं पालटलं ते कळावं. पहिले आठ दिवस मी मोठ्या शिस्तीत काढले. पण मी सकाळी कामावर जायचो तो संध्याकाळी यायचो. दुपारी माळ्यावरची कौलं तापायची आणि पेटीचा पारा चढायचा. मी आल्यावर दार उघडून वारा घालायचो, मग तो उतरायचा, मग मी वात वाढवायचो. विसाव्या दिवशी रविवार होता; एका अंड्याला बारीक चीर दिसली. मला राहवलं नाही. दिवसभरात मी ते दार किती वेळा उघडलं असेल ते मोजलं नाही.

एकही पिलू बाहेर आलं नाही. तेविसाव्या दिवशी मी अंडी फोडून बघितली. आत पुरी झालेली पिलं होती, पिसं आलेली, चोच वर केलेली. आतला पापुद्रा कागदासारखा वाळून त्यांच्या अंगाला चिकटला होता. वास माळ्यावरून खाली आला. आप्पा म्हणाले, "चुलीत घाल ती पेटी. चार दिसाचं सरपण तरी हुईल." आक्कानं सगळं सुपात भरलं आणि उकिरड्याच्या पलीकडं खड्डा काढून पुरलं. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बहुतेक अंडी तिच्या कोंबड्यांची होती.

मग एका रविवारी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यो खानसामा काय काय म्हणालता, सगळं सांग मला."

मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "खुडूक कोंबडी माळ्यावर बसती व्हय रं कधी? ती गारव्याची जागा बघती. भुईवर, कोपऱ्यात. तू अंडी भाजलीस आणि पुन्यांदा वाऱ्यावर धरलीस."

खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायच्या नादाला लागलेली कोंबडी. आक्कानं त्या उन्हाळ्यात अशी एक कोंबडी बसवली होती आणि एकवीस दिवस ती तिच्यावर नजर ठेवून होती, हे मला नंतर कळलं. कोंबडी दिवसातनं एकदा उठते, दाणा-पाणी करून परत येते, तेवढ्या वेळात अंडी निवतात, हे तिनं हात लावून बघितलं होतं. पोटाखालची माती ओलसर असते हेही.

तिनं पेटी खाली आणवली आणि भाताच्या कणग्या ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत, मागच्या भिंतीला लावून ठेवली. तिथं उन्हाळा-पावसाळा सारखाच गारवा असायचा. अंड्यांच्या खणाखाली ओल्या वाळूची परात ठेवली आणि ह्या खेपेला चव्वेचाळीस अंडी मांडली. थर्मामीटरवरचे इंग्रजी आकडे तिला येत नव्हते, म्हणून एकशेतीनवर मी लाल दोरा बांधून दिला. चार दिवसांनी तिनं तो सोडून टाकला. "त्यो दोरा सरकतोय. आकडंच शिकीव मला." मी नव्वदपासून एकशे दहापर्यंतचे आकडे शिकवले. पुढं कित्येक वर्षं तिला इंग्रजी आकडे तेवढेच यायचे. नव्वदच्या खालचा आकडा दिसला की ती म्हणायची, "हे माझ्या कामाचं न्हवं."

सातव्या दिवशी खोलीचं दार लावून, पत्र्याला भोक पाडून, त्याच्यामागं दिवा ठेवून तिनं एकेक अंडं उजेडासमोर धरलं. ज्यात जीव धरलाय त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसायच्या. जी नुसतीच उजळ दिसली ती नऊ अंडी तिनं काढून घेतली. पस्तीस राहिली.

शेवटच्या तीन दिवसांत तिनं मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. विसाव्या दिवशी मी कामावरून आलो तर ती भुईवर बसून पेटीला कान लावून होती. "बोलाय लागलीत," ती म्हणाली. मीही कान लावला. आतनं बारीक चिवचिव येत होती, विहिरीच्या तळातून यावी तशी. मग तिनं तोंड पेटीजवळ नेलं आणि घशातनं कोंबडीसारखा आवाज काढला. चिवचिव वाढली. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आई आतनंच बोलत असती त्येंच्यासंगं. कुणीच बोललं न्हाय तर कशापायी बाहीर येतील?"

सत्तावीस पिलं झाली.

पण पिलं झाल्यावर खरी पंचाईत पुढं आली. कोंबडी पिलांना पोटाखाली घेते, दाणा कुठला आणि खडा कुठला हे दाखवते, घार आली की ओरडते. ह्या सत्तावीस जणांना काहीच ठाऊक नव्हतं. समोर तांदळाच्या कण्या टाकल्या तरी ती नुसती उभी. आक्का पाटावर कण्या पसरून बोटाच्या नखानं टक् टक् करत बसायची, मग एकानं चोच मारली की बाकीची मारायची. उबेसाठी डालग्याला, म्हणजे पिलं झाकायच्या टोपलीला, आतनं गोणपाट लावून मधे गरम पाण्याचा मातीचा मोगा ठेवायची. शेण आणि पालापाचोळा भरलेलं मडकं वारुळाजवळ पालथं घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यात वाळवी भरलेली असायची, ती झटकली की पिलं तुटून पडायची.

आठ-दहा दिवसांत ती पिलं आक्काच्या मागं फिरायला लागली. ती घरामागच्या परड्यात गेली की परड्यात, गोठ्यात गेली की गोठ्यात, पाण्याला निघाली की आडापर्यंत. गावात हा तमाशाच झाला. बायका आडावर म्हणायच्या, "आक्का, लई लेकुरवाळी झालीस की गं!" बहुतेक जणी मायेनं म्हणायच्या. एक जण तशी म्हणाली नव्हती. तिला आक्कानं घागर काखेत घेता घेता सांगितलं, "व्हय बाई. आणि बाळंतपणाला कुणाला बलवाय लागलं न्हाय." घरी आल्यावर मात्र तिनं बराच वेळ चुलीत फुंकर घातली. चूल तर पेटलेलीच होती.

पिलांना गावानं नाव दिलं 'घासलेटची पिलं'. घार दोन घेऊन गेली, एक म्हशीच्या पायाखाली आलं. बाकीची वाढली. त्यातले नऊ कोंबडे निघाले.

शिवेवरच्या मरगाईच्या जत्रेला तेव्हा चार दिवस होते. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला विषमज्वर झाला होता आणि तो बरा झाला की द्यायचा म्हणून देवीला तुऱ्याचा तांबडा कोंबडा बोललेला होता. तसा कोंबडा त्याला आमच्या परड्यात मिळाला. कोंबडा घेऊन गेला तेव्हा खूश होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोंबड्याचे पाय धरून तो आमच्या पुढच्या सोप्यात उभा राहिला.

"आप्पा, ह्यो घासलेटचा हाय म्हणं."

आप्पा म्हणाले, "मग?"

"मग म्हंजी? ह्याला आई न्हाय. देवीला बिनआईचं कसं दावू? नवस फिटंल का न्हाय? पोराचा सवाल हाय माझ्या."

मी पुढं झालो. मला वाटलं, दोन वाक्यांत समजावून सांगता येईल. "अहो, अंडं कोंबडीचंच आहे. आमच्याच काळ्या कोंबडीचं."

"अंडं कोंबडीचं, पर ऊब कुणाची? साहेबाच्या पेटीची. पेटीची जात कंची?"

आक्का दाराशी उभी होती. मला वाटलं ती काहीतरी तोडून बोलेल. ती म्हणाली, "दादा, देवीचा कोंबडा हाय. देवीलाच इचारा."

तसा तो मरगाईच्या देवळात गेला, आम्हीही गेलो. आमच्याकडं देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दगडी मूर्तीला पाणी घालून तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं सगळी हकिगत देवीला मोठ्यानं सांगितली, पेटी, दिवा, एकवीस दिवस, काही वगळलं नाही. मग आम्ही बसलो. उन्हं पायरीवर आली, पायरीवरून आत आली. कोंबडा खांबाला बांधलेला होता, तो दोनदा आरवला. पाकळ्या काही हलल्या नाहीत. गुरवानं परत पाणी घातलं, नवीन पाकळ्या लावल्या. त्याही तशाच राहिल्या.

दुपारी गुरव उठला आणि म्हणाला, "आई काय बोलत न्हाय आज."

"म्हंजी काय समजायचं?" शेतकऱ्यानं विचारलं.

"न्हाय बोलत, एवढंच. मी माझ्या मनचं कसं सांगू?"

शेतकऱ्यानं जोखीम घेतली नाही. त्यानं दुसरीकडनं कोंबडा आणला आणि आमचा परत केला. आक्कानं तो घेतला. त्याचा शब्दानंही राग केला नाही. पण जत्रा झाल्यावर तिनं पेटीतला दिवा काढून पुसून फडताळात ठेवला आणि टाकीतलं पाणी ओतून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "देवीनं व्हय म्हटलं न्हाय."

"नाही तरी कुठं म्हटलंय?"

"ते तुझ्या हापिसात चालतंय," ती म्हणाली.

मला फार राग आला होता. गावाचा, गुरवाचा आणि थोडा तिचाही. मला ती पेटी म्हणजे एक नवीन विद्या वाटत होती आणि एका पाकळीपायी ती बंद पडलेली बघवत नव्हती. आक्काला काय वाटत होतं ते मला त्या वेळी नीट कळलं नाही. तिची मरगाईवर खरी श्रद्धा होती. नवरा आजारी असताना तिनं तिथंच लोटांगणं घातली होती आणि तेव्हाही देवी बोलली नव्हती. एवढं ठाऊक असूनही मी तिच्याशी वाद घालायचो.

दीड-दोन महिने असेच गेले. मग एक दिवस सकाळी, मी कामाला निघायच्या बेतात असताना, त्या शेतकऱ्याची म्हातारी आई आमच्या दारात आली. पदराचा ओचा करून त्यात काहीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं. धाप लागलेली.

"आक्का, मुंगसानं कोंबडी नेली गं माझी. अंड्यावरची. अकरा हायत. अजून कोमट हायत बघ."

"किती दिस झालं बसवून?"

"आवसंला बसवलीती. काल पुनव झाली."

आक्कानं एक अंडं घेऊन डोळ्याच्या पापणीला लावून ऊब बघितली. मग म्हातारीकडं बघितलं. "तुमच्या लेकाला चालंल?"

"लेकाला काय इचारतीस?" म्हातारी म्हणाली. "त्यो जलमला तवा मला दोन म्हैनं दूध न्हवतं. शेजारणीच्या अंगावर वाढलाय त्यो. जा, दिवा लाव."

पेटी थंड होती. नुसत्या दिव्यावर ती तापायला अर्धा दिवस लागायचा. आक्कानं एक क्षण विचार केला आणि माझ्या अंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यात उकळत होतं ते सगळं पेटीच्या टाकीत ओतलं. म्हातारीनं तोवर अंडी चोळीशी धरून पदरात गुंडाळून ठेवली होती. मी फडताळातला दिवा काढला, वात कापली, घासलेट भरलं. कामाला उशीर होत होता आणि मला जायचंही नव्हतं. अर्ध्या तासात पारा शंभरावर आला. अंडी आत गेली. त्या दिवशी मी बिनअंघोळीचा कँपात गेलो आणि उशिरासाठी मालकांची बोलणी खाल्ली.

पुढचे सहा दिवस म्हातारी रोज यायची आणि कणग्यांच्या खोलीत आक्काजवळ बसायची. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. सहाव्या दिवशी काही झालं नाही. म्हातारीचा चेहरा पडला. आक्का म्हणाली, "गारठलीती, एक दिस मागं पडणारच." सातव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा म्हातारीच्या मांडीवर डालगं होतं आणि त्यात आठ पिलं. शेतकरीही आला होता. तो सोप्यात आप्पांजवळ बसून तंबाखू मळत होता आणि आत यायला संकोचत होता. शेवटी आक्कानंच डालगं बाहेर नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या. ह्येस्नी आई बी व्हती. पंधरा दिस."

तो ओशाळून हसला. डालगं उचलताना म्हणाला, "आक्का, ती कण्याची टकटक कशी करायची ते जरा दावा की." तिनं दाखवली. पुढच्या जत्रेला त्यांतला एखादा कोंबडा त्यानं देवीला दिला की नाही, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर पेटी बंद राहिली नाही. आजूबाजूच्या गावांतनंही बायका अंडी घेऊन यायच्या. कुणाची कोंबडी मुंगसानं नेलेली, कुणाची मधेच उठलेली, कुणाला एकदम जास्त पिलं हवी असायची. नवसाला कोंबडा न्यायला कुणी आलं की आक्का आधीच सांगायची, "ह्यो पेटीतला हाय, मागनं म्हणू नका." पहिली दोन-तीन वर्षं लोक विचारात पडायचे. नंतर कुणी पडेनासं झालं. सगळं नेहमी बरोबर यायचं असंही नाही. एका वर्षी दिव्याच्या काजळीनं धुराडं भरलं आणि सगळी अंडी गुदमरून गेली. एकदा कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीत साठ पिलं आठवड्यात गेली. तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

मग लढाई आली. सांबऱ्याला विमानतळाचं काम सुरू झालं, तिथल्या लोकांना अंडी हवी असायची आणि ह्याच वेळी घासलेट मिळेनासं झालं. दुकानासमोर बाटल्या घेऊन रांग लागायची. एवढ्याशा तेलात घरातला दिवा लावायचा की पेटीतला? आक्कानं शक्य तितकं ताणलं. शेवटच्या खेपेला बाराव्या दिवशी तेल संपलं. गावात त्या वेळी तीनच कोंबड्या खुडूक होत्या. तिनं त्यांच्या मालकिणींना विचारून मावतील तेवढी, बत्तीस अंडी त्यांच्याखाली घातली. वीस उरली, ती वाया गेली. तिन्ही घरांतली मिळून किती पिलं झाली ते मला आठवत नाही. आक्काला शेवटपर्यंत आठवत होतं.

लढाई संपली तरी घासलेटची टंचाई काही लगेच सुटली नाही. तोवर माझं लग्न होऊन दोन मुलं झाली होती आणि मी शहापूरला भाड्याची खोली घेतली होती. स्वराज्य आलं त्या पावसाळ्यात मी गावी गेलो तर पेटीच्या मागच्या बाजूला वाळवी लागलेली. आक्कानं तांब्याची टाकी काढून घेतली होती आणि तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवत होती. मी म्हटलं, कँपात बघतो, आता साहेब लोक जाताहेत, अशी दुसरी एखादी निघेल. ती म्हणाली, "निघाली तर बघ." मी बघितलं. निघाली नाही.